पावतीनंतर काय? देणगीदार आणि माजी विद्यार्थ्यांना विद्यापीठाशी जोडून ठेवण्यासाठी

चार वर्षांपूर्वी मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंकडे गेले होते. यजमानांच्या नावाने त्यांनी एका शिक्षणसंस्थेत शिष्यवृत्ती ठेवली होती. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत देणगीची पावती, तिच्या दोन झेरॉक्स आणि यजमानांचा पासपोर्ट साइज फोटो होता. तो फोटो संस्थेने मागवला होता आणि वर्षभराने तसाच परत पाठवला होता. काकू म्हणाल्या, "पैसे पोचले एवढं कळलं. पण त्या मुलीचं पुढे काय झालं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. शिष्यवृत्ती वेळेवर दिली गेली होती, मुलगी गरजू आणि हुशार होती, हिशेबही चोख होता. काकूंना कळवायचं मात्र कोणाला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून मी माझ्या विभागात हे काम मन लावून करते आहे. ज्यांच्या गळ्यात ते नव्याने पडलं आहे, त्या तरुण प्राध्यापकांसाठी, कार्यालयातल्या मंडळींसाठी आणि माजी विद्यार्थी संघटनेच्या सेक्रेटरींसाठी हा लेख आहे. डोळ्यांसमोर आमचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे, पण ही रीत कुठेही चालेल.

सुरुवात विभागापासून करा

आमचं विद्यापीठ १९४९ सालचं. त्याची मुळं १८८१ च्या बडोदा कॉलेजात आणि १८९० च्या कलाभवनात आहेत. त्यामुळे इथे शिकलेला माणूस 'मी एम. एस.चा' असं नंतर म्हणतो. आधी म्हणतो 'मी टेक्नोचा', 'मी फाइन आर्ट्सची', 'मी होम सायन्सची'. त्याच्या मनात घर असतं ते एका इमारतीला, एखाद्या सरांना, हॉस्टेलच्या एखाद्या खोलीला. कुलगुरूंच्या सहीचं छापील पत्र तो वाचून बाजूला ठेवतो. विभागातून दोन ओळी आल्या, तर बायकोला वाचून दाखवतो. म्हणून मध्यवर्ती कार्यालयाने पावत्या, बँक आणि कायदा सांभाळावा आणि बोलणं विभागाकडे ठेवावं. ही वाटणी आधी लेखी ठरवून घ्या, नाहीतर एकाच माणसाला एकाच आठवड्यात तीन ठिकाणांहून देणगीचे फोन जातात.

जुनं रजिस्टर काढा

नावं कुठे सापडतील? पदवीदानाच्या याद्या, हॉस्टेलची रजिस्टरं, जुनी वार्षिकं, एनसीसीच्या आणि खेळाच्या संघांच्या याद्या, प्रयोगशाळेतल्या कपाटांवरच्या पाट्या. शेवटची जागा सहसा कोणी पाहत नाही. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी असलेलं स्टीलचं कपाट वर्षानुवर्षं तिथेच असतं. ते कोणी दिलं, त्यांचे मुलगे-मुली आता कुठे आहेत, हे विभागात कोणालाच ठाऊक नसतं. एका शनिवारी वही घेऊन सगळ्या पाट्या उतरवून घ्या.

याद्या एका एक्सेल शीटमध्ये भरा. नाव, वर्ष, शाखा, गाव, फोन हे रकाने सगळेच करतात. त्यांत आणखी काही हवेत. पहिला रकाना माहेरच्या नावाचा. आमच्या जुन्या बॅचमधल्या निम्म्या मुली याच कारणाने 'हरवल्या' होत्या. कॉलेजच्या कागदावर एक आडनाव, फेसबुकवर दुसरं. दुसरा रकाना कोणत्या भाषेत बोलायचं याचा. वडोदऱ्यात मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळंच चालतं. मात्र रावपुऱ्यातल्या मराठी आजोबांना इंग्रजी परिपत्रक पाठवलं, तर परकेपणा वाटतो. तिसरा, हाक काय मारायची: सर, काकू, ताई की नुसतं नाव. चौथा, शेवटचं बोलणं कधी झालं आणि कशाबद्दल. गुडघ्याचं ऑपरेशन होतं, नातवाची बारावी होती, एवढंच लिहा. पुढच्या फोनवर तेवढं विचारलं, तरी समोरचा माणूस मोकळा होतो.

ही सगळी माणसांची खाजगी माहिती आहे. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, आणि तो नसता तरी विचारणं हे साधं सौजन्य आहे. फोन नंबर कशासाठी ठेवतो आहोत हे सांगा, होकार घ्या, नको म्हणाले तर नाव काढून टाका. पूर्ण यादी कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.

गेलेल्या माणसांची नोंद लगेच करा. नाहीतर वर्षश्राद्धाच्या आसपास घरी 'प्रिय सभासद, आपली वर्गणी बाकी आहे' असं पत्र जातं. असं पत्र पोचलेलं घर मी पाहिलं आहे. तिथे पुन्हा जाऊन बसायला आम्हांला फार धीर करावा लागला.

यादी मोठी झाली की दर पंचवीस-तीस जणांमागे त्यांच्याच बॅचमधला एक दुवा नेमा. वर्गात सगळ्यांच्या वह्या गोळा करणारी एखादी मुलगी असायचीच. ती आता साठीची असेल, पण काम तिच्याकडेच द्या.

मागण्याआधी कळवा

या सगळ्यात मला मनापासून सांगायचं आहे ते हेच. वर्षातून चारदा लिहा आणि त्यांतल्या तीन वेळा काहीही मागू नका. ज्याला वर्षभर कॅम्पसमधलं काही कळलेलं नाही, त्याच्या हातात मार्चमध्ये देणगीचं आवाहन पडलं की त्याला आपण फक्त खिसा वाटतो.

व्यंकटरमण रामकृष्णन यांचं उदाहरण आठवा. आमच्या विद्यापीठातून ते १९७१ मध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा भारतातून त्यांच्याकडे ई-मेलांचा पूर आला. कित्येक वर्षांत संपर्क नसलेले लोक अचानक लिहू लागले, याबद्दल त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. आपल्यापैकी प्रत्येकाच्या यादीत असा कोणीतरी असतो, ज्याची आठवण आपल्याला वर्तमानपत्रात फोटो आल्यावरच होते. त्याला आज, काही कारण नसताना लिहा.

काय लिहायचं? समारंभाचे फोटो, हार-तुरे, 'मान्यवरांच्या उपस्थितीत' हे नको. ज्याला त्या आवाराची ओळख आहे, त्याच्या डोळ्यांपुढे जागा उभी राहील असं लिहा. आम्ही पाठवलेला एक मेसेज असा होता:

"नमस्कार. विभागामागचा कडुनिंब यंदाच्या पावसात पडला. कोणाला लागलं नाही. मुलांनी तिथेच दोन रोपं लावली आहेत, फोटो सोबत आहे. दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स सुरू झाली. जुन्या लाकडी टेबलांवरची तुमच्या वेळची कोरलेली नावं अजून आहेत. खिडकीजवळच्या टेबलावर 'अ. मो. १९७८' असं आहे. हे कोण, कोणी सांगेल का?"

दोन दिवसांत चाळीसच्या वर उत्तरं आली. अ. मो. कोण यावर तीन दावे झाले. कडुनिंबाखाली कोण कोणाची वाट पाहत असे, तेही बाहेर आलं. या मेसेजला खर्च शून्य होता. पण तो लिहिणाऱ्याने आधी टेबलाजवळ जाऊन नाव वाचलं होतं.

वाईट बातमीही कळवा. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या विश्वामित्री नदीला पूर आला आणि अर्धं शहर पाण्यात गेलं, तेव्हा परदेशातल्या मुलांचे जीव टांगणीला लागले होते. आमच्या एका बॅचच्या ग्रुपवर एक बाई रोज संध्याकाळी चार ओळी टाकायची: कोणत्या सरांशी बोलणं झालं, कुठे पाणी उतरलं, कोणाकडे वीज आली. त्या चार दिवसांत तो ग्रुप जेवढा जवळ आला, तेवढा कुठल्याही स्नेहसंमेलनाने आला नव्हता.

गावाचं पंचांग बघून तारखा ठरवा

वडोदऱ्यात यासाठी वेगळी अक्कल लागत नाही. नवरात्रात गरब्यासाठी लोक येतात, पण ते रात्री जागतात आणि दुपारपर्यंत झोपतात, त्यामुळे सकाळचा कार्यक्रम ठेवू नका. अमेरिका-कॅनडातली मंडळी डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, घरी असतात. लग्नं, बँकेची कामं आणि आईवडिलांची तपासणी याच दिवसांत उरकायची असते. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली एखादी सकाळ सगळ्यांत चांगली. १४ जानेवारीला कोणालाही बोलावू नका, सगळे पतंग उडवायला गच्चीवर असतात. तारीख सप्टेंबरमध्येच कळवा, कारण विमानाची तिकिटं तेव्हाच काढली जातात. विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे दिवस मात्र टाळा. मुलं नसलेला कॅम्पस पाहून माणूस उदास होऊन परत जातो.

भेटीची सकाळ

स्टेज, दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार, आभार यात दोन तास जातात आणि माणूस ज्यासाठी आला ते पाहायचं राहून जातं. आम्ही आता पद्धत बदलली आहे.

गेटवरच्या वॉचमनला आदल्या दिवशी नावांची यादी द्या आणि समजावून सांगा. पंचेचाळीस वर्षांनी आलेल्या माणसाला गेटवर 'काय काम आहे?' ऐकावं लागलं, तर पुढचं सगळं फुकट. सत्तरीच्या लोकांसाठी वाटेत बसायच्या खुर्च्या, स्वच्छ टॉयलेट, तळमजल्यावरची खोली एवढं पाहून घ्या. प्रत्येक तीन-चार पाहुण्यांबरोबर एक विद्यार्थी द्या. त्याला भाषण पाठ करायला लावू नका. त्याने फक्त विचारायचं, "सर, तुमच्या वेळी इथे काय होतं?" बाकी सगळं पाहुणे बोलतात.

मग त्यांना खऱ्या, चालू वर्गात मागच्या बाकावर बसवा, पंचेचाळीस मिनिटं. हे सुचवल्यावर आमच्यातले काही शिक्षक बिचकले होते, पण आता तेच आधी विचारतात. माझ्यासमोर एका निवृत्त इंजिनियरांनी वर्ग संपल्यावर फळ्यावरचं समीकरण आपल्या डायरीत उतरवून घेतलं. त्या डायरीत त्यांची औषधांची वेळापत्रकं होती. बराच वेळ ते बाकावरून उठले नाहीत, आणि आम्हीही घाई केली नाही.

वर्गानंतर सेव-उसळ आणि चहा, उभ्याउभ्याच. जाताना लीलो चिवड्याचं पाकीट दिलं तर घरी गेल्यावरही आठवण निघते. शाल-श्रीफळाचे पैसे वाचवून ते करा. त्या दिवशी देणगीचा शब्दही काढू नका. कोणी स्वतःहून विचारलं, तर "आज नको, पुढच्या आठवड्यात मी फोन करते" म्हणा, आणि फोन कराच.

पैशांशिवायची कामं

सगळ्यांकडे देण्याइतके पैसे नसतात, आणि पैसे असणाऱ्यांनाही नुसते पैसे देऊन समाधान होत नाही. नंदेसरी आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहती, कोयलीची रिफायनरी अशा ठिकाणी उमेदवारी काढलेले आपले लोक जागोजागी आहेत. त्यांना मुलांच्या मुलाखतीची तालीम घ्यायला सांगा. काम छोटं, ठरावीक आणि संपणारं असावं: 'दोन शनिवार, सहा मुलं, प्रत्येकी वीस मिनिटं.' 'विभागाला मार्गदर्शन करा' म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि कोणी येत नाही.

जुन्या ग्रूप फोटोंमधली माणसं ओळखायला देणं हे आजवर सगळ्यांत यशस्वी झालेलं काम. फोटो स्कॅन करायचा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा घालायचा आणि पाठवायचा. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंनी एकाच फोटोतली एकोणीस नावं फोनवरून सांगितली. शेवटच्या रांगेतल्या शिपाईमामांचं नावही त्यांनाच आठवत होतं.

दुखावलेल्यांशी बोलताना

प्रत्येकाची आठवण गोड नसते. या गावाने ते फार मोठ्या उदाहरणातून पाहिलं आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार होता. १९१७ मध्ये ते इथे आले, पण जातीमुळे या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कमाटी बागेत झाडाखाली बसून त्यांना पुढचा विचार करावा लागला. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला हजारो लोक तिथे येतात. पैसे देणारा राजा उदार होता, पण परत आलेल्या विद्वानाला गावाने दार उघडलं नाही.

आपल्या यादीतही जातीवरून, भाषेवरून, रॅगिंगने, अडवलेल्या निकालाने दुखावलेली माणसं असतात. फोनवर तसं काही निघालं तर संस्थेची बाजू मांडू नका. ऐका, विचारून लिहून घ्या, विभागप्रमुखांपर्यंत पोचवा आणि महिन्याभरात त्यांना परत फोन करा. दुरुस्त करण्यासारखं असेल तर दुरुस्त करा. एका गृहस्थांचं नाव गुणवंतांच्या फलकावर चुकीचं रंगवलं होतं. तीस वर्षं त्यांना ते सलत होतं. पेंटरने वीस मिनिटांत नीट केलं.

देणगी आल्यानंतरचं वर्ष

पहिल्या दोन दिवसांत फोन. पावती निघायला वेळ लागला तरी फोन थांबवू नका. पाचशे एक रुपये देणाऱ्यालाही आणि पाच लाख देणाऱ्यालाही. फूल ना फुलाची पाकळी देणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या पेन्शनमधून देत असतो.

महिन्याभरात एक पत्र: पैसे कोणत्या खात्यात आहेत, कशासाठी वापरणार, कोण बघणार. सहाव्या महिन्यात दुसरं: काय झालं, काय झालं नाही. सूक्ष्मदर्शकाची ऑर्डर अडकली असेल तर अडकली म्हणून लिहा. वर्ष पूर्ण झालं की तिसरं, त्यात विद्यार्थ्याच्या हातचं पत्र.

या विद्यार्थ्याच्या पत्राबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. मुलांना 'आभारप्रदर्शन' लिहायला सांगितलं की सगळी पत्रं एकसारखी येतात: आपण माझे दैवत आहात वगैरे. ते वाचून देणारा संकोचतो, आणि लिहिणाऱ्या मुलाचा मान जातो. त्याऐवजी तीन प्रश्न द्या. या वर्षी कोणता विषय आवडला? कशात अडलास? पुढे काय करायचं मनात आहे? एका मुलीने लिहिलं होतं, 'मला अजून पिपेट नीट धरता येत नाही, हात थरथरतो.' देणाऱ्या आजी स्वतः रसायनशास्त्राच्या. त्यांनी उलट टपाली दोन पानं लिहिली: कोपर टेबलाला टेकव, श्वास सोडताना बोट उचल.

पत्रं कार्यालयातूनच जाऊ-येऊ द्या. मुलांचे फोन नंबर देणगीदारांना देऊ नका. मुलांची जात, घरचं उत्पन्न, वडिलांचं व्यसन हे कुठल्याही अहवालात छापू नका. स्टेजवर बोलावून चेक देतानाचा फोटो तर नकोच. आणि मुलाने शिक्षण सोडलं तर तेही कळवा. आम्ही एकदा भीतभीत कळवलं. पलीकडून प्रश्न आला, "परत यायचं म्हणाला तर त्याची जागा आहे ना?"

स्थायी निधीचा, म्हणजे मुद्दल तसंच ठेवून व्याज वापरायच्या देणगीचा, हिशेब सुरुवातीलाच मांडा. पाच लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२,५०० रुपये व्याज येतं. सगळं वाटलं तर दहा-पंधरा वर्षांनी त्या रकमेला किंमत राहत नाही, म्हणून थोडं व्याज मुद्दलात टाकायचं. जुन्या पारितोषिकांत हे झालंच आहे: पदक 'सुवर्ण', पण व्याजात त्याचा मुलामाही येत नाही. अशा घरांना सरळ फोन करून परिस्थिती सांगा. भर घालतील, किंवा दोन पारितोषिकं एकत्र करायला परवानगी देतील. सांगितल्याचा राग कोणी धरत नाही.

कागदपत्रं

हे थोडक्यात, पण यात चूक करू नका. पैसे विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत संघटनेच्या खात्यातच घ्या, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नाही. पॅन घ्या. दात्याला आयकरात मिळणाऱ्या, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीसाठी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही. हे दात्याला आधीच सांगा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुनी पावतीपुस्तकं वापरण्यापूर्वी सीएंना दाखवा.

परदेशातल्या देणग्यांत सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी योगदान धरले जात नाहीत. मात्र ज्याने अमेरिकेचं किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी तो विदेशी स्रोत ठरतो. त्यासाठी एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरवलेल्या खात्यातच यावे लागतात. 'आपलाच मुलगा आहे' म्हणून साध्या खात्यात घेऊ नका. कोणता पासपोर्ट, हे विचारायला संकोच वाटत असेल तर तो प्रश्न फॉर्मवरच छापा.

काम दुसऱ्याच्या हाती देताना

हे काम बहुतेक ठिकाणी माणूस बदलला की मरतं. बदली होते, निवृत्ती येते, आणि पासवर्डसकट सगळं जातं. म्हणून शीट विभागाच्या ई-मेलवर ठेवा, दोघांना उघडता येईल अशी. दर वर्षी जूनमध्ये एक पान हाताने लिहा, पुढच्या माणसासाठी. आकडे शीटमध्ये असतातच. या पानावर शीटमध्ये न मावणाऱ्या गोष्टी लिहायच्या. माझ्या यंदाच्या पानावरच्या काही ओळी अशा:

टोरांटोच्या सरांना मेसेज पाठवावा, फोन नको, ऐकू कमी येतं.

१९८३ च्या बॅचमधल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, एका टेबलावर बसवू नये.

दांडिया बाजारच्या काकूंना मुलीचं पत्र डिसेंबरमध्ये स्वतः नेऊन द्यावं, टपालाने पाठवू नये. दुपारी झोपतात, पाचनंतर जावं. अक्षर बारीक असेल तर वाचून दाखवावं लागतं, हाताशी वेळ ठेवून जावं.